बँकेला सोनं देणारे सेलूकरकाका

सेलूकरकाका कुणाच्या घरी रिकाम्या हातानं गेलेले मी तरी कधी पाहिले नव्हते. गारखेड्यात त्यांचं घर आणि आमचं घर यांच्यात एकच भिंत, त्यामुळे आमच्याकडे त्यांची रोजचीच ये-जा. पण दर खेपेला हातात काहीतरी असायचंच. कधी परसातला कढीपत्ता, कधी वाटीभर मेतकूट. अगदीच काही नसलं, तर फाटकातून आत येता येता आमचाच पेपर उचलायचे आणि तो आईच्या हातात ठेवायचे. 'घ्या वहिनी, पेपर आला,' असं म्हणताना चेहरा असा, की स्वतः छापून आणलाय. माझे वडील म्हणायचे, हा माणूस इंजेक्शन घ्यायला गेला तरी कंपाउंडरसाठी पेरू नेईल. वडिलांना वाटायचं आपण विनोद करतोय. काकांनी पेरू खरोखर नेलेले होते.

अंगानं किडकिडीत, केसांना तेल चोपडलेलं, शर्ट कायम इस्त्रीचा. खिशाला दोन पेनं. एक लिहायला आणि दुसरं कुणी मागितलं तर द्यायला. दुसरं पेन पहिल्यापेक्षा चांगलं असायचं. मी लहानपणी विचारलं होतं, 'काका, चांगलं पेन तुम्ही कामून वापरत नाही?' तर म्हणाले, 'ते माझं नाही ना गं. जो मागंल त्याचं.' त्यांचे आजोबा निजामाच्या अमलात कुठल्याशा कचेरीत कारकून होते. जमीनजुमला काही नव्हता. वडिलोपार्जित म्हणून काकांकडे आलं ते मोत्यासारखं अक्षर आणि अदब. अक्षराचा त्यांना गर्व होता. वाण्याची यादीसुद्धा ते समास सोडून लिहायचे.

नोकरी शेंद्र्याच्या एका कारखान्यात, स्टोअरमध्ये. नटबोल्ट, हातमोजे, तेलाचे डबे द्यायचे आणि लिहून ठेवायचे. सकाळी कंपनीच्या बसनं जायचे, संध्याकाळी यायचे, आणि त्या बसमधल्या प्रत्येकाच्या घरी काय चाललंय हे त्यांना ठाऊक असायचं. कुणाच्या मुलीचं जमत नाही, कुणाच्या आईला दिसत नाही. ऐकून घ्यायची त्यांना सवय होती आणि ऐकल्यावर काहीतरी देण्याची त्याहून वाईट सवय होती.

क्रेडिट कार्ड त्यांच्याकडे आलं ते असंच. कंपनीच्या कॅन्टीनबाहेर एका बँकेची मुलगी टेबल मांडून बसली होती. सकाळपासून कुणी फिरकलं नव्हतं. काकांनी जेवून येताना तिला पाहिलं, तिला पाणी आणून दिलं, आणि एवढ्यावर न थांबता तिच्याकडे फॉर्मही भरला. घरी येऊन काकूंना म्हणाले, 'लेकरू उन्हात बसलं होतं.' काकूंनी कार्ड उलटंसुलटं करून पाहिलं आणि देवघराच्या खणात ठेवलं. तिथं ते राहिलं असतं, तर मला हे लिहायची वेळ आली नसती.

पण स्टोअरमध्ये बातमी पसरली. कंत्राटी पोरांना कुठली बँक कार्ड देणार? सगळे काकांकडे आले. कुणाला मोबाइल हवा, कुणाला बायकोसाठी मिक्सर, एकाला मुलाची कॉलेजची फी भरायची. काका त्यांच्याबरोबर दुकानात जायचे, कार्ड द्यायचे आणि दुकानदाराला बिल लिहायला स्वतःचं दुसरं पेन द्यायचे. पोरं पगाराला हप्त्याचे पैसे काकांच्या हातात आणून ठेवायची. हे बरीच वर्षं बिनबोभाट चाललं, हे मी मुद्दाम सांगते, नाहीतर लोकांना वाटतं काका पहिल्यापासून बुडायला निघाले होते. तसं नव्हतं. पोरं प्रामाणिक होती आणि त्यांना पगार होता.

मग कंपनीच्या ऑर्डरी आटल्या. आधी कंत्राटी पोरं गेली, मग काकांनाही घरी बसवलं. पोरं पांगली. कुणी वाळूजला, कुणी पुण्याला, कुणाचा फोनच बंद, आणि तो फोन काकांच्याच कार्डावर घेतलेला. शेवटपर्यंत आला तो फक्त रफिक, फोर्कलिफ्ट चालवणारा. त्यानं फ्रिज घेतला होता. दारात उभं राहून म्हणायचा, 'काका, मेरे फ्रिज का हिसाब मेरे से लो. बाकी लोगां का मेरेकू मालूम नै.' त्याचा हिशोब पुरा झाला. बाकीच्यांचा काकांच्या नावावर राहिला आणि व्याज त्याच्यावर चढत गेलं.

वसुलीवाल्यांचे फोन सुरू झाले. माणसं फोन कापतात, नंबर बदलतात. काका पहिल्या रिंगला उचलायचे. पलीकडून कुणीतरी वाटेल ते बोलायचा, आणि काका शांतपणे सगळं ऐकून म्हणायचे, 'तुमचा घसा बसलाय. गरम पाणी घेत जा.' काकू आतून ओरडायच्या, 'अहो, त्याला शिव्या द्यायचा पगार आहे. तुम्ही औषधं कसली सांगता?' मी या गोष्टीवर तेव्हा पुष्कळ हसले होते.

तोवर मी वकील झाले होते. त्याचा काकांना एवढा अभिमान, की घरात मी नीलू आणि कोर्टाच्या आवारात 'वकीलसाहेब'. फाटकाच्या आत आणि फाटकाच्या बाहेर असा काटेकोर फरक. एकदा आवाराच्या अगदी फाटकात गाठ पडली, तर कुठलं म्हणावं या विचारात ते नुसतेच हसत उभे राहिले.

समन्स आलं त्या दुपारी मी घरीच होते. बेलीफ दारात आला की जाणती माणसं आतून सांगायला लावतात, 'ते गावाला गेलेत.' काकांनी बेलीफाला पंख्याखाली बसवलं, पोहे खायला घातले, आणि समन्सवर सही केली, तारीख, वार आणि वेळेसकट. जाताना बेलीफ मला फाटकात दिसला. तो काहीसा ओशाळलेला होता. पाठोपाठ काका आमच्याकडे आले. एका हातात समन्स, दुसऱ्या हातात पोह्यांची वाटी.

'नीलू, बघ बरं हे काय म्हणायलेत.'

काय म्हणायलेत ते मी सांगितलं. बँकेनं पैशांसाठी दिवाणी दावा लावलाय. तीस दिवसांत लेखी कैफियत द्यायची, म्हणजे आपलं म्हणणं मांडायचं. दिलं नाही तर कोर्ट बँकेचंच ऐकून निकाल देईल, आणि मग वसुलीसाठी घरावर जप्ती येऊ शकते. घर काकांच्या नावावर होतं. दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.

काकू दारात येऊन उभ्या होत्या. सुमनकाकू उंचीला फार कमी. घर बांधलं तेव्हा त्यांनी गवंड्याशी भांडून स्वयंपाकघरातला ओटा आपल्या उंचीचा करून घेतला होता. आमच्या आईला त्या ओट्यावर पोळ्या लाटताना कंबरेतून वाकावं लागायचं. काकू म्हणायच्या, 'जन्मभर दुसऱ्यांच्या ओट्यावर टाचा उंच करून केलं. हा माझा.' त्यांनी समन्स वाचलं नाही, कलमं विचारली नाहीत. एवढंच विचारलं, 'घर राहील ना गं?'

मी कागद चाळत होते आणि मला एकदम सुटका दिसली. असल्या दाव्याला मुदत असते. शेवटचा हप्ता भरल्यापासून तीन वर्षांच्या आत बँकेनं कोर्टात यायला हवं. दाव्याला जोडलेल्या उताऱ्यात शेवटचा हप्ता होता त्याला चार वर्षं उलटून गेली होती. त्यानंतर कार्ड बंद करून बँकेनं उतारा तिथंच संपवलेला. मी विचारलं, 'काका, यानंतर एकही हप्ता भरला नाही ना?'

काकांनी मान खाली घातली. 'नाही गं. कुठून भरणार?'

मी काकूंकडे पाहिलं. त्याही म्हणाल्या, 'नाही बाई. एक सुद्धा नाही.' दोघांना लाज वाटत होती आणि मला आनंद झाला होता. असा विचित्र धंदा आहे माझा.

मी सांगितलं, 'काकू, घर राहील.'

कैफियत मी लिहिली ती ठरलेल्या भाषेत. 'दाव्यातील मजकूर खोटा व खोडसाळ असून या प्रतिवादीस मान्य व कबूल नाही.' आमच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे जेवणाआधी ताट मांडण्यासारखं. कुणी त्याचा अर्थ बघत नाही. काकांनी बघितला. चष्मा लावून बोट ठेवून ठेवून वाचलं आणि कागद बाजूला सारला.

'नीलू, यात खोटं काय आहे? पैसे तर घेतलेच की.'

'काका, ही लिहायची पद्धत आहे.'

'पद्धत असंल. पण खाली सही माझी आहे.'

'सगळे असंच लिहितात.'

'आणि खोडसाळ कामून? त्या बँकेनं काय खोडी काढली माझी?'

मी 'खोडसाळ' काढलं. दुसऱ्या दिवशी 'खोटा' काढलं. मग 'वादीने आपले म्हणणे शाबीत करावे' एवढ्यावर आमचा तह झाला. राहिली मुदत. ती काढायला मी तयार नव्हते. ती काढली तर कैफियतीत उरत काय होतं?

काका खिडकीबाहेर बघत होते. 'मुदत संपली म्हणजे देणं संपलं का?'

'कोर्टापुरतं संपलं.'

'आणि कोर्टाच्या बाहेर?'

'बाहेर तुम्हाला काय करायचं ते करा. जन्मभर फेडा. पण घर तर राहील.'

काकांनी कागद परत बाजूला सारला. मग आतून, त्या बुटक्या ओट्यापाशी उभ्या असलेल्या काकू म्हणाल्या, 'सही करा.' आवाज चढलेला नव्हता. काकांनी सही केली.

तारखा पडू लागल्या. अदालत रोडवरच्या त्या व्हरांड्यात माणसं तोंडं लपवून बसलेली असतात. काका तिथं ओळखी करत. शिपायाच्या मुलाची परीक्षा, पट्टेवाल्याचा गुडघा, सगळं त्यांना पाठ झालं. बँकेचा वकील कुणी तरुण मुलगा होता, खेड्यातून आलेला, काखेत अशाच दाव्यांचा गठ्ठा. त्यानं आमची कैफियत नीट वाचलेली नाही, हे मला त्याच्या पहिल्या दोन प्रश्नांतच कळलं. मी निर्धास्त होते. काकूंना तसं सांगितलंही होतं, आणि त्यांनी ओट्याच्या फुटलेल्या फरशा बदलून घेतल्या होत्या.

मग एक तारीख दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आली.

काका उशिरा आले. हातात कापडी पिशवी. तिच्यात आपट्याची पानं आणि दौलताबादची सीताफळं. शिपायाला सोनं दिलं, सीताफळ दिलं. मला दिलं, 'वकीलसाहेब, सोन्यासारख्या राहा.' मी पाया पडले आणि परत फाईलमध्ये डोकं घातलं. तेवढ्यात ते व्हरांडा ओलांडून समोरच्या बाकाकडे गेले. थांबवायला हवं होतं असं आता कुणी म्हणेल. पण दसऱ्याचं सोनं द्यायला निघालेल्या म्हाताऱ्या माणसाला कसं थांबवतात, मला माहीत नाही.

बँकेचा वकील गडबडून उठला. संस्कार चांगले असावेत; काळ्या कोटासकट वाकून पाया पडला. काकांचा चेहरा फुलला.

'तुमच्या बँकेतूनच आलो आत्ता. साहेबांना सोनं देऊन.'

'आमच्या बँकेत?'

'दर वर्षी जातो की. दसऱ्याला सुट्टी असती तुम्हाला, म्हणून दुसऱ्या दिवशी जायचं. आता रिकाम्या हातानं कसं जावं? म्हणून पाचशे एक रुपये भरतो कार्डात. तेवढाच मान.'

मुलाच्या हातातली पानं हातातच राहिली. त्यानं हळूच विचारलं, 'दर वर्षी? आणि स्लिप कोण भरतं काका?'

'मीच. माझंच अक्षर. जाऊन बघा की बँकेत.'

मी उठून उभी राहिले होते. उभी राहून काय करणार होते कुणास ठाऊक. मला कळलं होतं आणि त्या मुलालाही कळलं होतं. स्वतःच्या हातानं लिहून, सही करून थोडेसे जरी पैसे मुदतीत भरले, तरी कायद्याच्या लेखी त्या दिवसापासून नवी तीन वर्षं सुरू होतात. काकांनी दर दसऱ्याला जाऊन आपलं देणं स्वतः ताजं केलं होतं. बँकेच्या वकिलाला माहीत नव्हतं, बँकेच्या मोठ्या कचेरीला माहीत नव्हतं; स्लिपा शाखेतच पडून होत्या. सीताफळ हातात देऊन ते काकांनी सांगितलं.

'काका, हप्ता भरला नाही म्हणालात तुम्ही,' मी म्हणाले. 

ते माझ्याकडे अगदी निरागसपणे बघत राहिले. 'हप्ता कुठं भरला? ते तर सोनं.'

तो मुलगा कोर्ट उठल्यावर माझ्यापाशी आला. 'मॅडम, राग मानू नका. पण आता मला बँकेला विचारावंच लागंल.' त्याच्या जागी मीही तेच केलं असतं, आणि तसं मी त्याला सांगितलं. आपट्याची पानं त्यानं कोटाच्या खिशात नीट ठेवली होती.

त्या संध्याकाळी मी काकांवर जन्मात पहिल्यांदा ओरडले. ते खुर्चीत सरळ बसून ऐकत होते, वसुलीवाल्यांचं ऐकायचे तसंच. मग म्हणाले, 'नीलू, ज्याचं घेतलं त्याला तोंड दाखवत राहावं. नाही दाखवलं तर तो चोर म्हणतो आपल्याला.' मी आशेनं काकूंकडे वळले. त्या तरी माझ्या बाजूच्या असतील. काकू ओट्याला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, 'मीच काढून द्यायचे गं पाचशे एक. दर वर्षी. डब्यातले.'

मी फाईल उचलून घरी आले.

पुढच्या तारखेला स्लिपा दाखल झाल्या. सगळ्या एकाच वळणाच्या, समास सोडून लिहिलेल्या. प्रत्येकीवर तपशिलाच्या रेघेत तेच: 'दसऱ्याच्या शुभेच्छा. उर्वरित देणे लक्षात आहे, फेडीन.' खाली पूर्ण सही. न्यायाधीशांनी त्या एकेक करून वाचल्या आणि काकांना विचारलं, 'हे अक्षर तुमचंच का?' काकांनी किंचित लाजून होकार दिला. कुणी अक्षराचं कौतुक केलं की ते असेच लाजायचे.

मी नंतर तडजोडीसाठी पुष्कळ धावले. बँकेनं व्याज थोडं खाली आणलं. त्याहून खाली त्यांना येता येत नव्हतं आणि तेवढंही काकांना घर विकल्याशिवाय देता येत नव्हतं. ज्या पोरांसाठी कार्ड वापरलं त्यांची नावं द्या, मी नोटिसा काढते, असं मी म्हटलं. काका म्हणाले, 'त्यांच्याजवळ असतं तर त्यांनी दिलं असतं.' हे त्यांना कसं माहीत? माहीत नव्हतंच. पण नावं त्यांनी दिली नाहीत, आणि मी कायदा शिकलेली बाई त्यांच्यापुढे नुसती बसून राहिले.

घर विकलं. शेंद्र्याला, कामगारांच्या खोल्यांच्या चाळीत, त्यांनी एक खोली घेतली. काकू आसपासच्या मुलांना डबे करून देणार होत्या. टेम्पो भरला तेव्हा काकू मागं वळून न बघता पुढं जाऊन बसल्या. काका निरोप घ्यायला आमच्याकडे आले. परस विकलं गेलं होतं, कढीपत्ताही आता दुसऱ्याचा. क्षणभर ते आमच्या उंबऱ्याबाहेर थांबले. मग खिशातलं दुसरं पेन काढून माझ्या हातात ठेवलं. मी नको म्हणत होते तर म्हणाले, 'राहू दे. आता कोण मागायलंय तिथं?'

नव्या मालकानं पहिल्याच आठवड्यात ओटा फोडला. भिंत एकच असल्यामुळं घणाचे घाव आमच्या घरात ऐकू येत होते. आई बाहेर जाऊन बसली.

शेंद्र्याला मी दोनदा गेले. पहिल्यांदा काका कुठल्याशा गेटवर ड्युटीला गेले होते. दुसऱ्यांदाही, काकू म्हणाल्या, तेच. काकू विटांवर उभ्या राहून गॅसपाशी काहीतरी ढवळत होत्या. तिथला ओटा उंच होता.

काकांना शेवटचं पाहिलं ते शहागंजात. दसऱ्याचा आदला दिवस. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना झेंडूचे ढीग, आपट्याच्या फांद्या, माणसांची ही गर्दी. मी पानांची एक जुडी घेतली होती. पैसे देऊन वर बघते तर पलीकडच्या बाजूला काका. शर्ट इस्त्रीचा, खिशाला एकच पेन. कापडी पिशवी घडी करून काखेत धरलेली. त्यांनीही मला पाहिलं आणि आपसूक हसले, पाय पुढं टाकला. आणि मध्येच थांबले. हात खिशाकडे गेला. मग काखेतल्या पिशवीकडे. मग त्यांनी आपल्या दोन्ही हातांकडे एकदा पाहिलं.

आणि ते वळले, आणि मागच्या भांड्यांच्या दुकानासमोर माझ्याकडे पाठ करून उभे राहिले. एक पितळी तांब्या उचलून तो फार निरखून बघू लागले.

रस्ता चार पावलांचा होता. माझ्या हातात सोनं होतं. मी गेले असते, पानं दिली असती, पाया पडले असते. आणि मग त्यांना मला काहीतरी द्यावं लागलं असतं. मी तिथंच उभी राहिले. डोळे भरून आले होते आणि मला त्यांना हाक मारायची होती, काका म्हणून, मोठ्यानं.

हाक मारली नाही. झेंडूवाल्याकडे वळले, त्यांच्याकडे पाठ केली, आणि नको असलेल्या फुलांचा भाव करत राहिले, त्यांना जाता यावं म्हणून.